घरगुती हिंसेविरुद्ध वस्तीतला मदत गट: सुरुवात कशी करायची, कुठे जपायचं

कोणत्या घरात मारहाण होते हे वस्तीत बहुतेकांना ठाऊक असतं. पगाराच्या दिवशी होते की बाजारच्या, तेही ठाऊक असतं. तरी शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात आणि सकाळी नळावर तिच्याकडे बघायचं टाळतात, कारण मध्ये पडल्यावर पुढे करायचं काय हे कुणालाच माहीत नसतं. आमचा गट बचत गटाच्या बैठकीतून निघाला. तालुक्याच्या गावात आम्ही काम करतो. पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, संरक्षण अधिकारी, कोर्ट या पायऱ्या चढताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही चार-पाच जणी मिळून आपल्या गल्लीत, चाळीत, सोसायटीत किंवा वाडीवर असं काम सुरू करणार असाल तर त्याचा उपयोग होईल.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधीच सांगते. निर्णय त्या बाईचा. तिने नांदावं की वेगळं व्हावं, तक्रार करावी की थांबावं, हे गट ठरवत नाही. गट तिला माहिती देतो, सोबत जातो, कागद जपतो, आणि जिवावर बेतलं तर तिला बाहेर काढतो. याला एक अपवाद आहे, लहान मुलांचा. तो आठव्या टप्प्यात आहे.

१. माणसं निवडा, नियम ठरवा

पाच ते सात जण पुरेत. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका गटात असेल तर फार सोपं जातं, कारण त्या कुणाच्याही घरी गेल्या तरी कुणी ‘का आलात’ म्हणून विचारत नाही. एक-दोन पुरुष हवेतच. रात्री ठाण्यात जाताना सोबत लागते, आणि काही नवऱ्यांशी पुरुषानेच बोलणं बरं पडतं. वस्तीत जितक्या जाती-धर्मांची घरं आहेत तितक्यांतली माणसं गटात असू द्या. नाहीतर पहिल्याच प्रकरणात ‘आमच्या समाजाच्या भानगडीत तुम्ही कोण?’ हा प्रश्न येतो आणि तिथेच सगळं अडतं.

निवडणूक तोंडावर असताना कुणी पुढारी मदतीला आला तर जपून. तो फोटो काढतो, बाईचं नाव फिरतं, आणि घरी तिला त्याची किंमत मोजावी लागते.

पहिल्या बैठकीत एवढं लिहून सह्या करा: कुणाच्या घरी एकटं जायचं नाही. कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. बाईचं नाव, फोटो, पत्ता व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा नाही, स्वतःच्या नवऱ्याला किंवा सासूलाही सांगायचा नाही. नोंदवही एकच असेल आणि ती एकीकडेच कुलपात राहील.

२. प्रकरण यायच्या आधी ओळखी करून ठेवा

हा टप्पा बहुतेक गट गाळतात आणि मग रात्री साडेअकराला नंबर शोधत बसतात. हे चार नंबर पाठच करा: पोलिसांसाठी ११२, महिला मदतवाहिनी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

पण नुसत्या नंबरांवर काम भागत नाही. एखाद्या कामाच्या दिवशी दोघी-तिघी मिळून पुढच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या. कोण बसतं, किती वाजता बसतं, सुट्टीच्या दिवशी कोण असतं, हे विचारून वहीत लिहा.

संरक्षण अधिकारी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नेमलेला हा सरकारी माणूस आहे आणि तुमच्या कामात त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं कुणी नाही. तो कुठे बसतो हे जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळेल.

सखी वन स्टॉप सेंटर. जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तात्पुरता निवारा, दवाखान्याची, पोलिसांची आणि वकिलाची मदत एकाच छपराखाली मिळावी म्हणून ही केंद्रं काढली आहेत. तिथे साधारण पाच दिवस राहता येतं. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर शक्ती सदन किंवा शासकीय महिला राज्यगृह या बायकांसाठीच्या निवाऱ्यांची चौकशी तिथूनच करा.

महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पहिला कक्ष सुरू केला. पुढे राज्याने ते काम उचललं आणि आता अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. पोलिसांची भाषा आणि बाईची भाषा दोन्ही समजणारं माणूस तिथे भेटतं, त्यामुळे नव्या गटाने आधी इथेच जावं असं माझं मत आहे.

तालुका विधी सेवा समिती. कोर्टाच्या आवारातच असते. बाईचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तिला वकील मोफत मिळतो. ‘तुमच्या नवऱ्याला तर चांगला पगार आहे’ असं म्हणून कुणी परत पाठवत असेल तर हे कलम १२ दाखवा.

३. रात्री आवाज येतो तेव्हा

दारावर जा, दोघी-तिघी मिळून. जाऊन जाब विचारायचा नाही. ‘वहिनी, विरजण आहे का?’ किंवा ‘तुमच्याकडे लाईट आहे का, आमची गेली’ एवढं पुरतं. त्याचा हात थांबतो, बाहेर माणसं आहेत हे त्याला कळतं, आणि तिला दारापर्यंत यायची संधी मिळते. दार उघडलं तर बोलत राहा, तिच्याकडे नीट बघा. ‘जरा आमच्याकडे ये, आईला बरं वाटत नाहीये’ म्हणून बाहेर काढता आलं तर काढा.

हत्यार असेल, रक्त दिसत असेल किंवा आतून आवाज एकदम बंद झाला असेल तर दारावर थांबू नका, ११२ लावा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा: देऊळ, रेशन दुकान, पाण्याची टाकी.

दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करा. काय ऐकलं आणि काय पाहिलं तेवढंच लिहा, आपला निष्कर्ष लिहू नका. ‘नवरा फार नालायक आहे’ ही नोंद कोर्टात काही कामाची नाही. कामाची नोंद अशी असते: ‘मंगळवार, रात्री ११ वाजून १० मिनिटं. भांडं आपटल्याचा आवाज. “माझे केस सोडा” असं दोनदा ऐकलं. सकाळी डाव्या गालावर सूज, उजव्या मनगटावर बोटांचे व्रण. स्वतः म्हणाली, दारावर आपटले.’ शेवटचं वाक्यसुद्धा लिहायचं. ती तसं म्हणाली हाही पुरावाच आहे, कारण पुढे ती खरं सांगेल तेव्हा आधी का लपवलं ते त्यातून दिसतं.

४. तिच्याशी पहिलं बोलणं

जागा अशी शोधा की तिने तिथे असण्याला दुसरं कारण असेल: लसीकरणाचा दिवस, बचत गटाचा हप्ता, शाळेतली पालकसभा, गिरणी. सासू सोबत असेल तर विषय काढू नका, पुढच्या वेळी बघा.

बोलताना ‘तू सहन का करतेस?’ हा प्रश्न कधीही नको. तो ऐकला की ती मिटून जाते. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ यावरही ‘हो’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा सरळ म्हणा, ‘परवा रात्री आवाज आला, मला काळजी वाटली. बोलावंसं वाटलं तर मी आहे.’ मग गप्प बसा. ती बोलली तर ऐका, मध्ये सल्ला देऊ नका. बोलली नाही तरी राग धरू नका. कितीतरी जणी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भाजी घेताना किंवा बसस्टॉपवर, आपणहून बोलायला लागतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्या बाईला विश्वास ठेवायला वेळ लागतो.

तिला कुठलाही कागद, चिठ्ठी, पत्रक देऊ नका. ते घरात सापडलं तर त्याच रात्री मार बसतो. नंबर द्यायचा तर ‘शिवणकाम मावशी’ किंवा ‘गॅस’ अशा नावाने तिच्या फोनमध्ये टाका. फोन नवऱ्याच्या हातात जात असेल तर कॉल पुसायला शिकवा, आणि व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तिचे मेसेज दुसरीकडे कुठे उघडतात का ते तिच्यासोबत बसून बघा.

५. धोका किती आहे ते तपासा

सगळी प्रकरणं सारखी नसतात, आणि इथे चूक झाली तर जीव जातो. म्हणून हे प्रश्न विचाराच, सावकाश, एकेक करून. त्याने कधी गळा दाबला का? कोयता, चाकू, रॉकेल हातात घेतलं का? ‘तुला संपवतो’ किंवा ‘मी मरतो आणि तुलाही घेऊन जातो’ असं म्हणाला का? ती गरोदर असताना मारलं का? तिच्यावर सतत संशय घेतो, मागावर राहतो का? मार वाढत चालला आहे का?

यातल्या गळा दाबण्याकडे विशेष लक्ष द्या. त्वचेवर काहीच खूण नसली तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, नकळत लघवी होणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही. ज्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका बराच वाढतो. त्यामुळे अशा घरात ‘समजावून सांगू’ हा पर्याय गटाने मनातून काढूनच टाकावा.

आणखी एक गोष्ट नव्या कार्यकर्त्यांना उलटी वाटते. बाई घर सोडते किंवा सोडणार असल्याचं त्याला कळतं, ती वेळ सगळ्यात धोक्याची असते. ‘मी आता माहेरी जाते बघा’ हे भांडणात त्याला सुनावून निघायचं नाही, हे तिला स्पष्ट सांगा. निघायचं ते गुपचूप, तो कामावर असताना, आणि कुठे जायचं हे ठरवूनच.

६. पिशवी आणि कागद

एक कापडी पिशवी शेजारी किंवा गटातल्या एकीकडे ठेवायची. मूळ कागद एकदम काढले तर घरात लक्षात येतं, म्हणून आधी फोटो किंवा झेरॉक्स, आणि निघताना मूळ.

- तिचं आणि मुलांचं आधार कार्ड, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र
- लग्नाचा पुरावा: नोंदणीचा दाखला, नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो
- मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड
- तिचं बँक पासबुक, एटीएम कार्ड
- दवाखान्याचे जुने केस पेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या
- स्त्रीधनाची यादी, सोनाराच्या पावत्या, दागिने घातलेले लग्नातले फोटो
- नवऱ्याच्या कमाईचा पुरावा: पगाराची पावती, दुकानाचा परवाना, सातबारा, आठ-अ
- पोलिसांकडे आधी काही दिलं असेल तर त्याची प्रत
- दोन जोड कपडे, मुलांचं औषध, थोडे सुटे पैसे

लग्नाची नोंदणी नाही म्हणून घाबरू नका, कौटुंबिक हिंसाचार कायद्याला ती अट नाही. लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, विधवा सून, मुलाचा मार खाणारी आई, भावाकडे राहणारी बहीण, या सगळ्यांना हा कायदा लागू आहे.

धमकीचे मेसेज किंवा आवाजाची फीत असेल तर ती ज्या फोनमध्ये आली तो फोन जपा. स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेज पुसून टाकले की पुढे पुरावा म्हणून उभं करणं कठीण जातं.

७. दवाखाना, पोलीस, संरक्षण अधिकारी

मार लागला असेल तर आधी दवाखाना, तोही सरकारी. केस पेपरवर डॉक्टर ‘काय झालं’ हे लिहून घेतात. तिथे ती ‘पडले’ म्हणाली तर तेच कायमचं राहतं. तिला आधी बाहेर शांतपणे समजावा की आत खरं सांगितलं तरी पोलिसात जायची सक्ती तिच्यावर होणार नाही, पण लिहिलेलं पुढे कामी येईल. कुणी मारलं, कशाने मारलं, कधी मारलं, हे तिन्ही केस पेपरवर आलं पाहिजे. ‘एमएलसी करा’ (म्हणजे मेडिको-लीगल केस, मारहाणीची कायदेशीर वैद्यकीय नोंद) असं स्पष्ट सांगा आणि एमएलसी नंबर वहीत उतरवून घ्या. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा, मग तपासतो’ असं कुणी म्हटलं तर ते चालत नाही, उपचार आधी. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या सेहत संस्थेने सुरू केलेलं दिलासा केंद्र माहीत असू द्या. रुग्णालयातच समुपदेशक बसवायची वाट तिथून पडली.

पुढे दोन रस्ते आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. लोक त्यांची गल्लत करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला रस्ता फौजदारी, म्हणजे शिक्षेचा. नवरा किंवा सासरचे छळ करत असतील तर लागणारं पूर्वीचं कलम ४९८अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही फिर्याद ती स्वतः देऊ शकते किंवा तिचे नातेवाईक, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण वगैरे. आपण शेजारी म्हणून कलम ८५ ची फिर्याद देऊ शकत नाही, पण साक्षीदार होऊ शकतो. ‘हद्द आमची नाही’ हे कारण आता चालत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि प्रत मोफत मिळते.

सगळ्यात मोठा सापळा एनसीचा. अदखलपात्र नोंद करून हातात कागद देतात, बाईला वाटतं तक्रार झाली, आणि महिनोन्‌महिने काहीच होत नाही. एनसीवर पोलीस कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास करत नाहीत. कागद हातात आला की वरचा मथळा वाचा. एफआयआर नसेल तर तिथेच विचारा. तरी नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने, पावती जपून ठेवायची, आणि त्यानेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

दुसरा रस्ता संरक्षणाचा, २००५ च्या कायद्याचा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि बहुतेक बायकांना खरं हवं असतं ते यात मिळतं: मार थांबावा, घरात राहता यावं, पोटाला पैसे मिळावेत, मुलं जवळ असावीत. नवऱ्याला तुरुंगात घालायचं नाही असं म्हणणाऱ्या बाईला हा रस्ता नक्की सांगा. इथे शेजाऱ्यालाही जागा आहे. हिंसा होते आहे असं वाटलं तर कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरून घेतो. हा अहवाल भरताना घाई करू देऊ नका. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, हुंड्याची आणि आर्थिक हिंसा असे वेगळे रकाने आहेत. बायका पहिला भरतात आणि बाकी सोडून देतात. आर्थिक रकान्याबद्दल विचारलं तर ‘तसं काही नाही’ म्हणतात. मग विचारा, पगार झाला की एटीएम कार्ड कुणाकडे जातं? मंगळसूत्र कुठे आहे? ते पतसंस्थेत गहाण असेल आणि पैसे त्याने उचलले असतील तर ती आर्थिक हिंसाच आहे आणि परत मागता येते. लैंगिक रकाना पुरुषांसमोर भरता येत नाही, तेव्हा गटातल्या बाईलाच सोबत बसवा. त्याच वेळी सुरक्षितता योजनेचा नमुना क्रमांक ५ सुद्धा भरून मागा.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. ती माहेरी किंवा निवाऱ्यात तात्पुरती राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो, सासरच्या गावी जायची गरज नाही. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलाला कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागायला सांगा. तो आदेश दुसरी बाजू यायच्या आतही मिळू शकतो.

‘घर सासूच्या नावावर आहे, निघ इथून’ ही धमकी जवळजवळ प्रत्येक प्रकरणात असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा खटल्यात सांगितलं की सामायिक घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरलं. यासाठीच सातबारा आणि पगाराची पावती पिशवीत ठेवायला सांगितली.

८. मुलं असतील तर

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर इथे कुणाच्या संमतीची वाट बघायची नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पोलीस किंवा १०९८. मुलाला खोदून खोदून विचारू नका, ते एकदाच, प्रशिक्षित माणसाने विचारायचं असतं. मुलाचं नाव, शाळा, गल्ली, काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही.

आईला मार बसताना बघणारी मुलंही जखमी असतात. त्यांना एवढं शिकवा: भांडण सुरू झालं की मध्ये पडायचं नाही, ठरलेल्या काकूंच्या घरी यायचं. ते घर आधी ठरवून ठेवा.

९. ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांना तोंड कसं द्यायचं

प्रकरण बाहेर आलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं जमतात. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमुळे गावोगाव समित्या झाल्या. बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे कितीतरी वाद त्यांनी कोर्टात न जाता मिटवले, ते चांगलंच झालं. पण बायकोला काठीने मारणं हा त्या पंगतीतला वाद नाही. समितीसमोर तिला उभं करून ‘तुझंही थोडं चुकलं असेल’ म्हणायचं आणि त्याला कुलदैवताची शपथ घालायची, अशा बैठकीला तिच्यासोबत गेलात तर तिच्या वतीने एक वाक्य जरूर बोला: ‘तिला एकटीला विचारा, ती काय म्हणते.’

समेट व्हायचाच असेल तर तो तिला हवा म्हणून व्हावा आणि संरक्षण अधिकारी किंवा विशेष कक्षासमोर लेखी व्हावा, म्हणजे मोडला तर पुढची पायरी चढता येते. ‘तक्रार मागे घे, मग नांदवतो’ ही अट असेल तर आधी वकिलाला दाखवा. समुपदेशनाच्या तारखा चालू असल्या तरी कोर्टात अर्ज करायला काही आडकाठी नसते, हे तिला माहीत असू द्या.

स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीवर किंवा सोडचिठ्ठीवर सही करू देऊ नका. नोटरी केलेल्या अशा कागदाने हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही, पण ‘माझा काही हक्क राहिला नाही’ असं तिच्या सहीने लिहिलेलं मात्र राहतं आणि पोटगीच्या वेळी तेच पुढे केलं जातं. जातपंचायत बसवून तिला किंवा माहेरच्यांना वाळीत टाकायची धमकी आली तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. नुसतं नाव घेतलं तरी पुष्कळ पंच मवाळ होतात.

१०. पुरुषांशी काम

‘चार पोरं पाठवून त्याला धडा शिकवू’ ही सूचना प्रत्येक वस्तीत येते. ठामपणे नाही म्हणा. गुन्हा पोरांवर दाखल होतो आणि तो राग शेवटी तिच्यावरच निघतो.

दारूचंही तसंच. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद करायची लढाई महाराष्ट्रात बायकांनी अनेक गावांत जिंकली आहे, तुम्हीही लढा. पण दारू बंद झाली की मार थांबेल असं तिला वचन देऊ नका. तो प्यायल्यावर साहेबाला किंवा सावकाराला मारत नाही, घरी येऊनच मारतो. न पिणारेही मारतात.

नवऱ्याशी बोलायचं असेल तर तिची परवानगी घेऊन, तिने सांगितलेलं काहीही उघड न करता, आणि तो शुद्धीत असताना. मुलग्यांशी मात्र आधीपासून बोलायला हवं. मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही पुरुषांची संघटना कॉलेजच्या मुलांसोबत हेच करते आहे. आपल्या गणेश मंडळातल्या, क्रिकेटच्या टीममधल्या पोरांना गोळा करून ‘मित्र बायकोला मारतो हे कळलं तर तुम्ही काय कराल?’ एवढाच प्रश्न टाका आणि त्यांना बोलू द्या.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे विषय ठेवा: रस्त्यावरचे दिवे, पोलीस पाटलाचा नंबर फलकावर, रात्रीच्या वेळी बाईला जिल्ह्याला न्यायला वाहन. ठराव लेखी करून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) नोंदवून घ्या.

११. आदेश मिळाल्यानंतर

आदेशाची प्रत मोफत मिळते. चार-पाच झेरॉक्स काढा: एक तिच्याकडे, एक पिशवीत, एक ठाण्यात देऊन पोच घ्या, एक संरक्षण अधिकाऱ्याकडे. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ११२ लावताना ‘कोर्टाचा आदेश आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

कोर्टाच्या तारखेला कुणीतरी सोबत गेलंच पाहिजे. सासरकडचे दहा जण बाकावर बसलेले असतात आणि ही एकटी भिंतीला टेकून उभी, अशाने हिंमत खचते. डबा, पाणी, लहान मूल सांभाळायला एकजण, आणि पुढची तारीख वहीत लिहायला पेन, एवढं घेऊन निघा. तिच्या रोजगाराचं बघा. त्या दिवशीची मजुरी बुडते, म्हणून काही गट बचतीतून प्रवासखर्च देतात. आमच्याकडे ते ठरावाने मंजूर आहे.

काही जणी परत नांदायला जातात. मुलांसाठी, माहेरी जागा नाही म्हणून, किंवा तो सुधारेल या आशेने. अशा वेळी तिच्यावर रुसून बसायचं नाही. पिशवी शेजारी तशीच राहू द्या, कागद परत देऊ नका, ती मागेल तेव्हाच द्या. नोंदवहीतलं तिचं पान बंद करायचं नाही, आणि पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आशाताईने तिच्या घरी आधी जायचं.